दूध-तूप सोडलं, आता गोळ्या कोणत्या? पुण्यातल्या नव्या व्हीगनांसाठी

सप्लिमेंट लागतात का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. प्रत्येक घटकाचं उत्तर वेगळं आहे. बी-12 लागतंच, सगळ्यांना, पहिल्या दिवसापासून आणि कायमचं. व्हिटॅमिन डी बऱ्याच जणांना लागतं, पण त्याचं खापर व्हीगन आहारावर फोडता येत नाही. ऑफिसात बसून राहणाऱ्या दूध पिणाऱ्यालाही ते कमीच असतं. आयोडीन मिठातून मिळतं, मीठ बरोबर निवडलं असेल तर. कॅल्शियम ताटातून जमतं, पण त्यासाठी थोडा हिशोब मांडावा लागतो. लोहाची गोळी रिपोर्ट बघितल्याशिवाय घ्यायची नाही. उरलेल्या बहुतेक बाटल्या दुकानातच राहू द्या.

आता हे कोणत्या क्रमानं करायचं ते बघू. क्रम चुकला की पैसे जातात आणि रिपोर्टही निरुपयोगी होतो.

आधी रक्त, मग गोळी

दूध बंद करायचं ठरलं, की त्याच आठवड्यात रक्त देऊन टाका. चार तपासण्या पुरतात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीरम बी-12, फेरिटिन (लोहाचा साठा सांगणारी) आणि 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. पुण्यात जवळपास प्रत्येक लॅब घरी येऊन रक्त नेते. 70-80 तपासण्यांचं 'फुल बॉडी पॅकेज' स्वस्त वाटतं, पण त्यात बऱ्याचदा फेरिटिन नसतं, नुसतं सीरम आयर्न असतं. सीरम आयर्न दिवसभरात आणि जेवणागणिक वरखाली होतं, त्यावरून साठा कळत नाही. यादी वाचून फेरिटिन आहे याची खात्री करा.

गोळी सुरू करण्याआधीच रक्त का द्यायचं? कारण बी-12ची मोठी गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर रक्तातला आकडा भराभर वर जातो. इंजेक्शननंतर काही आठवडे तो 1,500-2,000च्या पुढेही दिसतो. मग मुळात कमतरता होती की नव्हती, हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद करा. बऱ्याच लॅबच्या चाचणी पद्धतीत बायोटिन ढवळाढवळ करतं आणि बी-12, व्हिटॅमिन डी, थायरॉइड यांचे आकडे चुकीचे येतात.

रिपोर्ट वाचताना नुसता 'नॉर्मल रेंज'चा रकाना बघू नका. बी-12 200 पिकोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या खाली म्हणजे कमतरता, हे उघड आहे. पण 200 ते 300 हा संशयाचा पट्टा आहे. 215 आकडा आला, शेजारी लाल खूण नाही, म्हणून 'सगळं ठीक आहे' म्हणून कागद घडी करून ठेवला जातो. या पट्ट्यात असाल तर होमोसिस्टीन करून घ्या; बी-12 कमी पडलं की रक्तात साचणारं हे एक अमिनो आम्ल. ते 15 मायक्रोमोलच्या वर असेल तर पेशींना बी-12 पुरत नाहीये असं समजायला जागा आहे. फोलेटची (बी-9, गोळीतलं फोलिक ॲसिड ते हेच) कमतरता, किडनीचा त्रास आणि थायरॉइडमुळेही होमोसिस्टीन वाढतं, म्हणून अर्थ डॉक्टरांकडून लावून घ्यावा. या तपासणीसाठी उपाशीपोटी रक्त द्या, आणि शक्यतो लॅबमध्ये जाऊनच द्या. नळीतलं रक्त बर्फाशिवाय तासभर तसंच राहिलं तर रक्तपेशींमधून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि आकडा खोटा वाढतो. दुचाकीच्या डिकीतून हिंजवडी ते डेक्कन फिरून आलेल्या नमुन्यावर फार भरवसा ठेवू नये.

सीबीसीमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, बघा. बी-12 कमी पडलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात आणि एमसीव्ही 100च्या वर जातो, असं पुस्तकात असतं. पण लोह कमी असेल तर पेशी लहान होतात. आपल्याकडे दोन्ही कमतरता एकत्र असणं नेहमीचं, आणि मग सरासरी अगदी छान, 88-90 दिसते. एमसीव्ही नॉर्मल आहे म्हणून बी-12 ठीक, हा निष्कर्ष इथेच फसतो.

बी-12: इथे तडजोड नाही

बी-12 फक्त जिवाणू बनवतात. वनस्पतींना ते लागत नाही, म्हणून त्या ते बनवत नाहीत आणि साठवतही नाहीत. दही आंबवलेलं असतं म्हणून इडली-डोशाच्या पिठातूनही बी-12 मिळेल, असा एक लाडका समज आहे. दह्यात ते असतं कारण मुळात दुधात असतं. तांदूळ-उडदाच्या पिठावर विसंबता येईल इतकं बी-12 तयार होत नाही. स्पिरुलिनात जे असतं ते बरंचसं नकली बी-12, जे शरीराला वापरता येत नाही. फोर्टिफाइड तांदळात बी-12 घातलेलं असतं खरं, पण किलोमागे साधारण 0.75 ते 1.25 मायक्रोग्रॅम. दिवसाला 200 ग्रॅम भात खाल्लात तरी पाव मायक्रोग्रॅमच्या आत. गरज आहे दिवसाला सव्वादोन-अडीच मायक्रोग्रॅमची.

परदेशी मार्गदर्शक लेखांत एक वाक्य हमखास असतं: यकृतात तीन ते पाच वर्षांचा साठा असतो, घाई नाही. मांसाहार सोडून व्हीगन झालेल्या माणसाला ते लागू पडत असेल. पुण्यात व्हीगन होणारे बरेच जण मुळात शाकाहारी घरातले असतात, आणि त्यांची तिजोरी आधीच रिकामी असते. हे अंदाजानं नाही म्हणत. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या गावांतल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांमध्ये बी-12 कमी निघालं. हे लोक व्हीगन नव्हते, दूध-दही खाणारे होते. म्हणजे एक कप चहातलं दूध आणि वाटीभर दही यांनी काम भागत नव्हतंच; ते बंद केल्यावर जी काही धार येत होती तीही थांबली. म्हणून 'सहा महिने बघू, मग चालू करू' हा बेत करू नका.

किती घ्यायचं हे समजायला शोषणाचं गणित पाहावं लागतं. जठरात तयार होणारा इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचा प्रथिनाचा रेणू बी-12ला धरून आतड्यात नेतो. ही वाट एका वेळेला दीड-दोन मायक्रोग्रॅमपुरतीच आहे. त्याहून जास्त गिळलेल्यातलं फक्त 1 टक्क्याच्या आसपास आपोआप झिरपतं. म्हणून डोस जितका विरळ, तितका मोठा लागतो:

- रोज घेणार असाल तर 50 ते 100 मायक्रोग्रॅम. यातून रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम आत जातं. रोजचा डोस 10 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी नको.
- रोजची कटकट नको असेल तर 1,000 किंवा 1,500 मायक्रोग्रॅमची एक गोळी, आठवड्यातून दोनदा. एकदाच घ्यायची तर 2,000.

हे डोस साठा टिकवण्यासाठी आहेत. रिपोर्टमध्ये कमतरता निघाली असेल तर आधी साठा भरावा लागतो; त्यासाठी डॉक्टर काही आठवडे रोज 1,000-1,500ची गोळी किंवा इंजेक्शनांचा कोर्स देतात. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, पायाखालची जमीन गादीसारखी वाटणं, अचानक विसराळूपणा असं काही असेल तर घरी प्रयोग करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. रक्तक्षय भरून येतो; नसांचं नुकसान जितकं जुनं तितकं भरून येणं अवघड. बोटांच्या पेरांवर काळपटपणा, जीभ लाल-गुळगुळीत होऊन तिखट झोंबणं, ही आपल्याकडे दिसणारी आणखी दोन लक्षणं.

मिथाइलकोबालामिन की सायनोकोबालामिन? यावर लोक तावातावानं भांडतात. दोन्ही व्हीगन, कारण दोन्ही जिवाणूंच्या किण्वनातून बनतात. सायनो जास्त टिकाऊ आणि जास्त अभ्यासलेलं. त्यातलं सायनाइड नगण्य असतं. किडनीचा आजार असेल किंवा सिगारेट ओढत असाल तर मिथाइल घ्या. पुण्यातल्या केमिस्टकडे मिथाइलच सहज मिळतं, तेव्हा बाकीच्यांनीही तेच घ्यावं आणि वाद मिटवावा. फक्त स्ट्रिप खिडकीत उन्हात ठेवू नका.

केमिस्टच्या काउंटरवर

"काका, बी-12ची गोळी द्या" म्हटलं की समोर बहुधा मिथाइलकोबालामिनबरोबर अल्फा लिपोइक ॲसिड, फोलिक ॲसिड, बी-6 आणि आणखी पाच गोष्टी असलेलं मिश्रण येतं. कधी त्यात प्रीगॅबालिन असतं, जे नसांच्या दुखण्यावरचं प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे, झोप आणतं, आणि तुम्हाला त्याची काहीही गरज नाही. "नुसतं मिथाइलकोबालामिन, बाकी काही नको" असं स्पष्ट सांगा.

स्ट्रिप उलटी करून वाचा. 'प्रत्येक गोळीत' या ओळीखाली बी-12समोर एमसीजी (मायक्रोग्रॅम) आहे की एमजी (मिलिग्रॅम) ते बघा. 1,500 एमसीजी म्हणजे दीड एमजी. बी-कॉम्प्लेक्सच्या काही जुन्या प्रसिद्ध गोळ्यांत बी-12 फक्त 15 मायक्रोग्रॅम असतं. रोज न चुकता घेतलीत तर साठा टिकवायला पुरेल, पण 'आठवड्यातून दोनदा'चा नियम त्या गोळीला लावलात तर उपाशी राहाल. सप्लिमेंट म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मल्टीव्हिटॅमिनमध्ये तर एक-दोन मायक्रोग्रॅमच असतं. फोलिक ॲसिड भरपूर आणि बी-12 चिमूटभर असलेलं मिश्रण सगळ्यात वाईट. फोलेट रक्तक्षय झाकून टाकतं, सीबीसी सुधारतो आणि नसांची झीज आतल्या आत चालू राहते.

आता व्हीगनपणाचा भाग. हिरवं टिंब म्हणजे व्हीगन नव्हे. हिरव्या टिंबाच्या व्याख्येत दूध, दुधाचे पदार्थ आणि मध बसतात. 2022च्या नियमांप्रमाणे एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह दिलं आहे, इंग्रजी व्ही अक्षर आणि पानाचं. ते सप्लिमेंटच्या बाटलीवर दिसलं तर प्रश्न मिटला. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या स्ट्रिपवर यातलं काहीच नसतं. तिथे औषधी घटकांनंतर बहुधा 'एक्सिपियंट्स क्यू.एस.' (बाकीचे घटक, लागतील तेवढे) एवढेच दोन शब्द असतात, आणि त्या दोन शब्दांत लॅक्टोज (दुधातली साखर), जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं), शेलॅक (किड्यांपासूनची लाख) काहीही लपलेलं असू शकतं. "ताई, व्हेज आहे हो" या उत्तरावर समाधान मानू नका. दुकानदाराला तरी कुठून कळणार? स्ट्रिपवरच्या ग्राहक क्रमांकावर फोन किंवा ईमेल करून तीन गोष्टी विचारा: कवच कशाचं, फिलर लॅक्टोज आहे का, स्टिअरेट (गोळी यंत्राला चिकटू नये म्हणून घालतात ते) वनस्पतीचं की प्राण्याचं. ढोबळ नियम असा, की मऊ, पारदर्शक, तेलकट कॅप्सूल बहुतेक वेळा जिलेटिनची. कडक कॅप्सूलवर 'एचपीएमसी' लिहिलं असेल तर ती वनस्पतीजन्य सेल्युलोजची. साधी पांढरी चपटी गोळी, थेंब किंवा तोंडात मारायचा स्प्रे यांत अडचण कमी.

आजारपणात डॉक्टरांनी दिलेलं औषध जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये आहे म्हणून ते टाळणं मात्र शहाणपणाचं नाही. पर्याय विचारा, नसेल तर घ्या.

व्हिटॅमिन डी: ऊन आहे, पण अंगावर पडत नाही

पुणे साधारण 18.5 अंश अक्षांशावर. इथे वर्षातले आठ महिने लख्ख ऊन. तरी रिपोर्ट 12-14 येतो, कारण डी बनवणारे यूव्हीबी किरण सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात फारसे नसतात. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाच ते पुरेसे असतात, म्हणजे साधारण साडेदहा ते तीन. त्या वेळी आपण ऑफिसात असतो. काचेतून यूव्हीबी येत नाही, त्यामुळे खिडकीशेजारची खुर्ची कामाची नाही. आणि रस्त्यावर असलोच तर दुचाकीवर डोळ्यांपर्यंत बांधलेला स्कार्फ, कोपराच्या वर जाणारे मोजे आणि सनकोट! पुणेरी बंदोबस्तात सूर्यालाही शिरकाव नाही. जून ते सप्टेंबर ढग असतात ते वेगळंच.

जमत असेल तर आठवड्यातून चार-पाच दिवस दुपारच्या आधी अर्धा तास, हात आणि पाय उघडे ठेवून गच्चीत बसा. बहुतेकांना ते जमत नाही. मग रोज 600 ते 1,000 आययू (व्हिटॅमिन डीचं माप) हा साधा देखभालीचा डोस, जेवणानंतर, कारण ते स्निग्ध पदार्थाबरोबर शोषलं जातं. कोरड्या पोटी घेतलेली गोळी कमी शोषली जाते.

20 नॅनोग्रॅमच्या खाली रिपोर्ट आला की डॉक्टर 60,000 आययूचा सॅशे किंवा गोळी आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात. इथली चूक घातक आहे: 'आठवड्यातून एक' हे 'रोज एक' असं वाचलं किंवा ऐकलं जातं. रोज 60,000 काही आठवडे गेलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. मळमळ, सतत तहान, बद्धकोष्ठ, गोंधळ आणि शेवटी किडनीला इजा. आठवड्याचा वार ठरवा आणि स्ट्रिपवर तारखा पेनानं लिहून ठेवा. कोर्स संपला की तो संपवा, मेडिकलमधून परस्पर वाढवू नका.

बाजारातलं नेहमीचं डी-3 मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून बनतं. व्हीगन डी-3 लायकेनपासून (दगडफुलाच्या जातीचं) असतं, महाग पण ऑनलाइन मिळतं. डी-2 हा दुसरा पर्याय, यीस्ट किंवा मशरूमपासून. रोजच्या लहान डोसात डी-2 चालतं. आठवड्याच्या मोठ्या डोसात डी-3 जास्त टिकतं. डी-2 घेत असाल तर लॅबला विचारून ठेवा, कारण काही पद्धतींत डी-2 पूर्ण मोजलं जात नाही आणि आकडा उगाच कमी येतो.

कॅल्शियमचा हिशोब

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) 2020च्या शिफारशीत मोठ्या माणसाला रोज 1,000 मिलिग्रॅम सांगितलं आहे. रोजचा डाळ-भात-पोळी-भाजीचा डबा दुधाविना तिथपर्यंत पोचत नाही. पण महाराष्ट्राच्या स्वयंपाकात सोय आहे. नाचणीच्या दोन भाकऱ्या, म्हणजे 80 ग्रॅम पीठ, की सुमारे 290. मेथीची जुडी निवडून 100 ग्रॅम पानं भरली तर 270. कॅल्शियम घातलेल्या सोया दुधाचा 250 मिलीचा पेला सुमारे 300, जर पाकिटावर 100 मिलीला 120 लिहिलं असेल तर. न सोललेल्या तिळाची चटणी एक मोठा चमचा, 120च्या आसपास. झाले 980. यातलं रोज सगळं होणार नाही, पण दोन गोष्टी तरी झाल्याच पाहिजेत.

पालक या हिशोबात धरू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि 5 टक्क्यांच्या आसपासच शोषलं जातं. पांढरेशुभ्र पॉलिश केलेले तीळही नकोत, कॅल्शियम सालीत असतं. शेवग्याचा पाला मात्र झकास. शेंगांना भाव आणि पाला फुकट अशी झाडं अजून बऱ्याच सोसायट्यांत उभी आहेत.

घरी केलेल्या सोया, बदाम किंवा शेंगदाण्याच्या दुधात नाव घेण्याजोगं कॅल्शियम नसतं. विकतच्या पाकिटातही सगळ्यांत नसतं, मागचा तक्ता वाचा. आणि पाकीट हलवल्याशिवाय ओतू नका. कॅल्शियमची पूड जड असते, ती तळाशी बसते. पाकीट संपल्यावर कापून बघितलंत तर कोपऱ्यात खडूसारखा पांढरा लगदा चिकटलेला दिसेल. आठवडाभर पैसे मोजलेलं कॅल्शियम ते हेच.

आहारातून 600-700च्या वर जात नसेल तरच गोळी, आणि ती एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या वर नको. त्यापुढे शोषण घटत जातं. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, त्याला आम्ल लागतं. सायट्रेट कधीही चालतं. ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांनी सायट्रेटच घ्यावं. स्ट्रिपवर 'ऑयस्टर शेल' किंवा 'कोरल' लिहिलेलं असेल तर ते शिंपल्याचं किंवा प्रवाळाचं, व्हीगन नाही. मुतखडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नका.

लोह: रिपोर्टशिवाय हात लावू नका

शिफारस पुरुषांना 19 आणि स्त्रियांना 29 मिलिग्रॅम. दूध सोडल्यानं लोह कमी होत नाही, दुधात ते नसतंच. उलट दुधाची जागा उसळींनी घेतली तर आवक वाढते. अडचण शोषणाची आहे, आणि तिची किल्ली लिंबू आणि चहा यांच्यात आहे. पोह्यांवर लिंबू पिळलं तर क जीवनसत्त्वामुळे लोहाचं शोषण वाढतं. त्याच पोह्यांबरोबर चहा घेतला की टॅनिन ते अडवतं. कोरा चहा म्हणजे दूध नाही म्हणून व्हीगन, पण टॅनिन त्यातही तेवढंच. नाश्ता आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा. पुण्यात हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड, हे मान्य. मटकी, मूग, हरभरे रात्रभर भिजवून मोड आणले की दाण्यातलं फायटेट (लोह अडवणारा घटक) घटतं आणि लोहाबरोबर जस्तही जास्त मिळतं. आमटी लोखंडी कढईत केली, त्यात आमसूल-टोमॅटो असले, की थोडं लोह तिथूनही येतं.

फेरिटिन 30च्या खाली असेल तर डॉक्टर गोळी देतील. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून बरं वाटत असतानाच रक्त द्या. एक दिवसाआड घेतलेली लोहाची गोळी रोजच्यापेक्षा प्रत्येक डोसमागे चांगली शोषली जाते आणि पोटही कमी बिघडतं. तसं चालेल का, हे विचारून घ्या. शी काळी होणं अपेक्षित आहे, घाबरू नका. हिमोग्लोबिन कमी, एमसीव्ही बराच लहान, पण फेरिटिन भरपूर असं चित्र असेल तर थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) आहे का ते एचपीएलसी या रक्ततपासणीनं बघतात. अशा माणसानं नुसतं लोह घेत राहणं चुकीचं. पुरुषांनी आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांनी 'अशक्तपणा वाटतो' एवढ्यावर लोह सुरू करू नये. त्यांच्यात कमतरता निघाली तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का हे आधी बघावं लागतं. आणि या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागता कामा नयेत. मूठभर गोळ्या मुलाच्या जिवावर बेततात.

बाकीचं पटकन

आयोडीनची गरज 150 मायक्रोग्रॅम. आयोडाइज्ड मीठ ग्राहकाच्या हातात येताना त्यात आयोडीन किमान 15 पीपीएम (किलोमागे 15 मिलिग्रॅम) असावं, असा नियम. प्रत्यक्षात बऱ्याचदा जास्त असतं. व्हीगन झाल्यावर 'नैसर्गिक' म्हणून गुलाबी मीठ किंवा शेंदेलोण आणलं जातं आणि दुधातलं आयोडीनही गेलेलं असतं, म्हणजे दोन्ही दारं बंद. उपवासापुरतं शेंदेलोण चालेल, रोजच्याला साधं आयोडाइज्डच. बरणी घट्ट लावा, गॅसशेजारी ठेवू नका. केल्पच्या (समुद्री शेवाळाच्या) गोळ्या टाळा. त्यात आयोडीन इतकं बेभरवशाचं असतं की थायरॉइड दोन्ही बाजूंनी बिघडू शकतो.

ओमेगा-3साठी जवसाची चटणी आहेच. एक मोठा चमचा जवसाची पूड म्हणजे दीड ग्रॅमच्या वर एएलए, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-3. जवस हलके भाजून कुटा. अख्खे खाल्लेले जसेच्या तसे बाहेर पडतात. पंधरा दिवसांपुरतीच करा, जुनी खवट होते. करडई-सूर्यफुलाच्या तेलात ओमेगा-6 फार, तेव्हा ते बेतानं वापरा. शेवाळापासूनचं डीएचए (ओमेगा-3चाच एक प्रकार) गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी जरूर घ्यावं, दिवसाला 200-300 मिलिग्रॅम. इतरांसाठी ती चैन आहे.

जस्तासाठी तीळ, भोपळ्याच्या बिया, मोडाची कडधान्यं. 50 मिलिग्रॅमच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नका, जास्त जस्त तांब्याला हुसकावतं आणि त्यानं होणारा नसांचा त्रास हुबेहूब बी-12च्या कमतरतेसारखा दिसतो. व्हिटॅमिन ए, के, मॅग्नेशियम यांच्या वेगळ्या गोळ्यांची गरज नाही. गाजर, लाल भोपळा तेलाच्या फोडणीत करा, झालं.

वेळापत्रक

सगळ्या गोळ्या मुठीत घेऊन एकदम गिळणं ही सर्वांत सामान्य चूक. कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं, म्हणून त्यांच्यात दोन तास अंतर हवं. थायरॉइडची गोळी घेत असाल तर तिच्यापासून दोन्ही चार तास लांब. बसेल असा एक क्रम:

- सकाळी उपाशीपोटी लोह (दिलं असेल तर), लिंबूपाण्याबरोबर, एक दिवसाआड. तासाभरानं नाश्ता आणि त्यानंतर अंतर ठेवून चहा.
- थायरॉइडवाल्यांनी लोह संध्याकाळी चार-पाचला घ्यावं.
- दुपारच्या जेवणानंतर व्हिटॅमिन डी.
- रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, लागत असेल तर.
- बी-12 बुधवारी आणि रविवारी, कधीही. मोबाइलमध्ये गजर लावा.

ज्यांनी एकट्यानं ठरवू नये

गरोदर राहायचा विचार असेल तर दिवस राहण्याआधीच बी-12 नीट भरून घ्या. पुण्याजवळच्या गावांत 1993 पासून चालू असलेल्या माता-पोषण अभ्यासात असं दिसलं, की आईचं फोलेट जास्त आणि बी-12 कमी असेल, तर तिच्या सहा वर्षांच्या मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त होती. गरोदरपणात फोलिक ॲसिड सगळ्यांना मिळतं. बी-12 मागून घ्यावं लागतं. "मी दूधही घेत नाही," हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे 'शाकाहारी' म्हटलं की दूध गृहीत धरलं जातं.

फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला बी-12 आईच्या दुधातूनच मिळतं. आईचं कमी असेल तर सहा महिने ते दीड वर्षाच्या बाळात केस विरळ, त्वचा काळपट, हसणं-बसणं मागे पडणं आणि हातपाय थरथरणं अशी अवस्था येऊ शकते. इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात तिला. लवकर ओळखली तर उपचारानं सुधारते. बाळाचं पूर्ण नियोजन बालरोगतज्ज्ञांबरोबरच करा, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी घरचं बदामाचं किंवा ओटचं दूध कधीही देऊ नका.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा रोज सकाळी पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) चालू असलेल्यांत बी-12चं शोषण आणखी कमी होतं. आजी-आजोबा नातवंडांबरोबर व्हीगन होत असतील तर त्यांना वर सांगितलेला डोस पुरेल असं गृहीत धरू नका. किडनीचा आजार असेल तर डी आणि कॅल्शियम दोन्ही डॉक्टरांच्या हातात.

तीन महिन्यांनी

कमतरता निघाली होती त्यांनी तीन महिन्यांनी बी-12, डी आणि फेरिटिन परत करावं. बी-12चं रक्त दोन गोळ्यांच्या मधल्या काळात, पुढच्या गोळीच्या आधी द्या. आकडा 800 आला म्हणून घाबरू नका, गोळी चालू असताना तो वरच असतो. इथेच बहुतेक जण घसरतात: रिपोर्ट चांगला आला की गोळी बंद होते. रिपोर्ट चांगला आला आहे तो गोळीमुळेच. उपचाराचा डोस थांबवायचा आणि देखभालीचा लगेच दुसऱ्या आठवड्यापासून लावायचा, मध्ये खंड नको.

ज्यांचा पहिला रिपोर्ट चांगला होता त्यांना वर्षातून एकदा पुरे. दर वेळी त्याच लॅबमध्ये द्या, कारण लॅबगणिक पद्धत आणि आकडा बदलतो. मागच्या रिपोर्टच्या कोपऱ्यात त्या वेळी कोणती गोळी, किती डोस आणि शेवटची कधी घेतली ते लिहून ठेवा. डॉक्टर बदलले तरी पुढचं त्यावरून ठरवता येतं.